पट्ट्याचं वय

टायमिंग बेल्ट तुटतो तेव्हा धमाका वगैरे काही होत नाही. भरवेगात चाललेलं इंजिन एकाएकी गप्प होतं, उचललेली बकेट आहे तिथेच राहते आणि चालवणारा आधी डिझेलच्या काट्याकडे बघतो. टाकी भरलेली असते. मग तो पुन्हा चावी मारतो आणि खरी खूण तिथे मिळते. एरवी स्टार्टर इंजिन फिरवतो ते अडखळत, एकेका सिलिंडरचा दाब ओलांडत. आता तो सरसर, एका सुरात फिरतो. जाणता मिस्त्री हा आवाज ऐकताच चावी काढून खिशात टाकतो. आत कॅम थांबलेला आहे, काही व्हॉल्व्ह उघडेच राहिले आहेत आणि पिस्टन मात्र स्टार्टरच्या जोरावर वरखाली होत आहेत. जे अजून वाकलेलं नाही, ते वाकवायची ही उत्तम सोय.

पट्ट्याचं काम सांगायला सोपं आहे. पिस्टन ज्याला फिरवतात त्या क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेवढ्यात व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा बरोबर एक फेरा व्हायला हवा. हवा ओढणं, दाबणं, जाळणं आणि धूर बाहेर टाकणं हे चार टप्पे क्रँकच्या दोन फेऱ्यांत उरकतात, आणि त्या अवधीत प्रत्येक व्हॉल्व्हने एकदाच, ठरल्या क्षणी उघडून मिटायचं असतं. मिनिटाला २,६०० फेरे घेणाऱ्या इंजिनात ही उघडझाप सेकंदाला एकवीस-बावीस वेळा होते. क्रँक आणि कॅमला असं बांधून ठेवायला गिअर चालतात, साखळी चालते आणि दातेरी रबरी पट्टाही चालतो. गिअर झिजतात, साखळी सैल होऊन खडखडते; दोघंही बहुधा आगाऊ सूचना देतात. पट्ट्याला ती सवय नाही.

डिझेल इंजिनात पट्टा तुटणं महाग पडतं, कारण आत जागाच नसते. डिझेल ठिणगीविना पेटवायचं तर हवा खूप दाबावी लागते, साधारण सतरा ते बावीस पटींनी. ज्या इंजिनाबद्दल पुढे बोलणार आहोत त्याच्या एका सिलिंडरचं आकारमान सुमारे ६८३ घन सेंटिमीटर आहे. दाबाचं प्रमाण अठरा धरलं, तर पिस्टन पार वर आल्यावर उरते जेमतेम ४० घन सेंटिमीटर जागा, आणि तीही बरीचशी पिस्टनच्या डोक्यात कोरलेल्या खळग्यात. बाकी पिस्टन वरच्या सिलिंडर हेडला जवळजवळ टेकलेलाच असतो. अशा वेळी व्हॉल्व्ह उघडा राहिला तर पिस्टन त्याच्यावर आदळणार, दुसरं काही होऊच शकत नाही.

आता यंत्राकडे येऊ. स्किड स्टिअर लोडर आपल्याकडे कारखान्यांच्या आवारात आणि बंदरांवर दिसतो, आणि कंपनी कुठलीही असली तरी बरेच जण त्याला बॉबकॅटच म्हणतात. त्याची चाकं वळत नाहीत. डाव्या बाजूची दोन चाकं एकमेकांशी जोडलेली, उजव्या बाजूची दोन वेगळी जोडलेली. एक बाजू पुढे आणि दुसरी मागे फिरवली की यंत्र टायर घासत जागच्या जागी वळतं. टायरचा खर्च वाढतो, पण चारी बाजूंनी भिंती असलेल्या जागेत फार थोडी यंत्रं अशी वळू शकतात.

हे यंत्र जन्माला आलं ते टर्कीच्या गोठ्यासाठी, म्हणजे कोंबडीच्या त्या थोरल्या भावंडाच्या शेडसाठी. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात रॉथसे नावाचं छोटं गाव आहे. तिथे सिरिल आणि लुई केलर हे दोघे भाऊ यंत्रदुरुस्तीचा कारखाना चालवायचे. जवळच्या एका टर्कीपालकाला आपल्या शेडमधली घाण उपसायला यंत्र हवं होतं. अट अशी, की वरच्या मजल्यावर चढवता येईल इतकं ते हलकं असावं आणि खांबांच्या मधून फिरेल इतकं लहान असावं. १९५७मध्ये केलर बंधूंनी तीन चाकांचा लोडर बनवून दिला. पुढची दोन चाकं चालवणारी, मागचं एक भिंगरीसारखं मोकळं फिरणारं. पुढच्याच वर्षी शेजारच्या नॉर्थ डकोटामधल्या ग्विनर गावच्या मेलरो कंपनीने त्याचे हक्क घेतले आणि दोघा भावांना नोकरीवरही घेतलं. १९६०च्या एम ४०० या मॉडेलात मागचं मोकळं चाक जाऊन चारही चाकं चालती झाली, आणि १९६२मध्ये त्याला बॉबकॅट हे नाव मिळालं. कंपनी पुढे अनेक हातांतून गेली, ग्विनरचा कारखाना मात्र चालूच आहे. केलर बंधूंची नावं २०२३मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मानयादीत गेली.

हा इतिहास इथे सांगायचं कारण आहे. त्या शेडमधल्या खांबांनी यंत्राचा आकार ठरवला आणि त्या आकाराने पुढच्या प्रत्येक मिस्त्रीचं नशीब ठरवलं. पुढे भरलेली बकेट, मध्ये माणूस आणि मागे तोल सांभाळायला इंजिन. इंजिनाच्या एका बाजूला हायड्रॉलिक पंप, दुसऱ्या बाजूला तेलाची टाकी, वर कूलर, आणि हे सगळं पोलादी पेटीत बसवलेलं. बाहेरून फिरायला जितकं सोयीचं, तितकंच आत हात घालायला गैरसोयीचं. ट्रॅक्टरच्या इंजिनाला दोन्ही बाजूंनी भिडता येतं. इथे एका फटीतून पाना जातो, दुसऱ्या फटीतून बॅटरीचा उजेड जातो, आणि डोळा कुठून घालायचा हा प्रश्न उरतो.

पट्ट्याची काळजी करण्याआधी मुळात पट्टा आहे का, ते बघावं. बहुतेक स्किड लोडरांच्या इंजिनात तो नसतोच. जुन्या बॉबकॅट ७४३मधलं कुबोटाचं इंजिन गिअरवर चालतं. आपल्याकडच्या बॅकहो लोडरांच्या इंजिनांतही बहुतेक गिअरच सापडतील. पण बॉबकॅटच्या ८६३, ८७३ अशा १९९०च्या दशकातल्या मोठ्या मॉडेलांत जर्मनीच्या डॉइट्झ कंपनीचं १०११ मालिकेचं इंजिन आलं, आणि त्यात टायमिंगला पट्टा आहे. त्याच घराण्यातलं पुढचं २०११ मालिकेचं इंजिन गेहल कंपनीच्या काही लोडरांत मिळतं, त्यातही पट्टाच. घोटाळा वाढवायला आणखी एक गोष्ट आहे. बॉबकॅटच्या अनेक मॉडेलांत इंजिनाकडून हायड्रॉलिक पंपांकडे ताकद नेणारा रुंद पट्टा वेगळा असतो, आणि अल्टरनेटरचा व्ही-बेल्ट आणखी वेगळा. ‘पट्टा नवीन टाकलाय’ असं विकणारा सांगतो तेव्हा तीनपैकी कुठला, हे विचारावं लागतं. पंपाचा पट्टा गेला तर यंत्र जागेवर थांबतं, एवढंच.

इंजिनावरची पाटी वाचता आली की निम्मं काम होतं. ८६३च्या इंजिनावर बीएफ४एम १०११एफ असं कोरलेलं दिसेल. जर्मन पद्धतीत बी म्हणजे टर्बो बसवलेलं, एफ म्हणजे वेगवान फोर-स्ट्रोक, ४ म्हणजे सिलिंडर, एम म्हणजे द्रवाने थंड होणारं; हवेने थंड होणारं असतं तर तिथे एल आलं असतं. १० हा मालिकेचा आकडा आणि ११ म्हणजे पिस्टनची धाव, सेंटिमीटरमध्ये, ढोबळमानाने. प्रत्यक्षात ती १०५ मिलिमीटर आहे आणि सिलिंडरचा व्यास ९१ मिलिमीटर. हा द्रव पाणी नसून इंजिनाचंच तेल आहे. पाणी घालायचं झाकण शोधत नवे मालक बराच वेळ घालवतात.

डॉइट्झ ही फोर-स्ट्रोक इंजिनाची मूळ पेढी. निकोलाउस ऑटो आणि ऑयगेन लांगेन यांनी १८६४मध्ये कोलोन शहरात ती सुरू केली, आणि १८७६मध्ये ऑटोचं चार टप्प्यांचं इंजिन तिथेच चाललं. म्हणजे क्रँकचे दोन आणि कॅमचा एक हा हिशेब ज्यांनी आधी बसवला, त्यांच्याच वारसांनी शतकानंतर तो रबराच्या हवाली केला. कारणं समजण्यासारखी आहेत. पट्टा आवाज करत नाही, त्याला तेल लागत नाही, तो हलका असतो आणि स्वस्तही पडतो. डिझेल इंजिनाच्या पुढच्या टोकाला गिअरांची रांग किती कलकलाट करते हे ज्याने दिवसभर कानाशी ऐकलंय, त्याला पहिला मुद्दा लगेच पटेल.

पट्ट्याचा स्वतःचा इतिहास मला यंत्राच्या इतिहासापेक्षाही मजेशीर वाटतो. तो मोटारीसाठी जन्मला नाही. १९४०च्या दशकात अमेरिकेत यू. एस. रबर कंपनीच्या गिल्मर विभागात रिचर्ड केस याने दातेरी पट्टा तयार केला तो सिंगर शिवणयंत्रासाठी. वरची सुई आणि खालची बॉबिन यांची वेळ चुकली की टाका सुटतो. साधा पट्टा थोडा तरी घसरतोच, आणि दात्यांचा पट्टा घसरत नाही. १९५४मध्ये बिल डेव्हिनने तो आपल्या शर्यतीच्या गाडीच्या इंजिनावर चढवला. पण दुकानात मिळणाऱ्या गाडीत तो आणला तो १९६२मध्ये बव्हेरियातल्या डिंगोल्फिंगच्या ग्लास कंपनीने, आपल्या १००४ या मॉडेलात. ही ग्लास कंपनी मुळात शेतीची अवजारं, पेरणीयंत्रं बनवणारी. १९६६मध्ये ती बीएमडब्ल्यूने विकत घेतली. त्याच वर्षी अमेरिकेत पाँटियाकने आणि इटलीत फियाटनेही पट्ट्याची इंजिनं बाजारात आणली. १९७६च्या गोल्फ डिझेलनंतर डिझेल इंजिनातही पट्टा रुळला. महाराष्ट्रातल्या मिस्त्रींच्या एका अख्ख्या पिढीने टायमिंग बेल्ट पहिल्यांदा हाताळला तो मारुती ८००वर, आणि १९९८नंतर पुण्यात बनलेल्या इंडिका डिझेलवर.

आजचा पट्टा नुसता रबराचा नसतो. ताण सोसतात त्या आतल्या काचतंतूंच्या दोऱ्या. रबर दात्यांना आकार देतं, आणि दात्यांवर नायलॉनचं कापड असतं ते घासणं सोसायला. सुरुवातीला निओप्रीन वापरत. पुढे उष्णता जास्त सोसणारं नायट्राइल जातीचं रबर आलं. काचतंतू ओढले तर जवळजवळ लांबत नाहीत, म्हणून टायमिंग टिकतं. पण तेच तंतू घडी पडली की तुटतात, आणि तुटलेले बाहेरून दिसत नाहीत.

म्हणून जुना पट्टा डोळ्यांनी तपासून ‘अजून चालेल’ असा निकाल देणाऱ्यावर माझा विश्वास नाही. चिरा, उडालेले दाते, झिजून कापसाळलेल्या कडा, तेलाने फुगलेलं रबर दिसलं तर पट्टा गेलाच. पण यातलं काहीच न दिसणारा पट्टाही उद्या तुटू शकतो. रबर तासांनी झिजतं तसं वर्षांनीही म्हातारं होतं. उष्णता आणि हवेतला ओझोन त्याला कडक करत जातात, मग यंत्र चालो वा शेडमध्ये उभं राहो. इंजिन बनवणारे पट्ट्याला तासांची आणि वर्षांची अशी दुहेरी मुदत देतात आणि जी आधी भरेल ती खरी मानायला सांगतात. पंचवीस वर्षांचं, फारसं न वापरलेलं, ‘एकहाती’ यंत्र विकत घेणारा इथेच फसतो. कमी चाललं म्हणजे चांगलं, हा नियम पिनांना, बुशांना आणि पंपांना लागू आहे, रबराला नाही.

त्यात आवर मीटर. स्किड लोडरला किलोमीटर नसतात, तासच असतात, आणि तास मोजणारं मीटर बिघडतं, बदलतं, कधी मुद्दाम बदलतात. मीटरपेक्षा यंत्राचं अंग खरं बोलतं: पायऱ्यांचा घासलेला पोत, हँडलची ढिलाई, बकेटच्या पिनांमधला खेळ, लिफ्ट आर्मवर नंतर मारलेल्या वेल्डिंगच्या रेघा. तेवढ्यावरून तासांचा अंदाज येतो. पट्टा शेवटी कधी बदलला, हे मात्र पावतीखेरीज कशावरूनही कळत नाही. जिथे हे यंत्र बनतं त्या नॉर्थ डकोटाच्या शेतावर तर पट्ट्याची परिस्थिती आणखी वाईट. हिवाळ्यात पारा शून्याच्या वीस-वीस अंश खाली जातो. कडक झालेलं रबर, गोठून घट्ट झालेलं तेल आणि स्टार्टरचा पहिला हिसका हे तिन्ही एकाच सकाळी पट्ट्याच्या वाट्याला येतात. उन्हाळ्यात गवताचा भुसा आणि शेणाची धूळ कूलरवर बसते; ज्या इंजिनात तेलच गारवा देतं, तिथे कूलर तुंबला की पुढचं सगळं टोक तापतं. शिवाय स्किड लोडरचं इंजिन दिवसभर जवळजवळ पूर्ण वेगात ठेवूनच काम करतात, कारण पंपाला तेवढे फेरे लागतात.

तेव्हा पट्ट्याचा इतिहास कळत नसेल, तर तो बदलायचा हे गृहीत धरावं. आता प्रत्यक्ष काम.

आधी धुणं. हा टप्पा लोक टाळतात आणि पुढे त्याचीच किंमत मोजतात. टायमिंगचं झाकण उघडल्यावर वरून पडलेला एक खडा पुली आणि दात्यांच्या मध्ये सापडला तर नवा पट्टा गेला. धुऊन, सुकवून, सपाट जागी उभं करून बॅटरीची ऋण तार काढावी. लिफ्ट आर्म वर ठेवायचे असतील तर सिलिंडरच्या दांड्यावर त्यांचा लोखंडी आधार चढवल्याशिवाय खाली डोकंसुद्धा घालायचं नाही. हायड्रॉलिकचा एखादा पाइप फुटला तर आर्म खाली यायला क्षणही लागत नाही, आणि या यंत्रावरचे सगळ्यात वाईट अपघात तिथेच होतात. बॉबकॅटची केबिन पुढच्या दोन कोपऱ्यांचे नट काढून मागे कलवता येते. ती कलवल्यावर तिची खिट्टी बसल्याची खात्री हाताने करावी, नजरेने नाही.

मग समोर जे जे आडवं येईल ते निघतं: व्ही-बेल्ट, त्याच्या पुल्या, पत्रे, मग टायमिंगचं झाकण. यात दिवस जातो. पट्टा बदलायला लागणारा वेळ विचारला तर मिस्त्री जे उत्तर देतो, त्यातला तीन चतुर्थांश वेळ या उघड-झाकीचा असतो. प्रत्येक बोल्ट कुठला ते लिहून किंवा पुठ्ठ्यावर टोचून ठेवावा, कारण लांबीतल्या पाच मिलिमीटरच्या फरकाने ॲल्युमिनियमच्या घरात आटे उडतात.

पट्टा काढण्याआधी इंजिनाला ठरावीक जागी आणून जखडावं लागतं. पहिला सिलिंडर दाबाच्या टप्प्यात पार वर आणायचा; क्रँकला एक पिन, कॅमला एक पिन. क्रँक फिरवायचा तो हाताने, लांब दांड्याच्या पान्याने, आणि फक्त त्याच्या नेहमीच्या दिशेने. पेट्रोल गाड्यांवर हात बसलेले लोक इथे पुलीवर पांढऱ्या रंगाची खूण करून ‘जसं होतं तसं बसवू’ म्हणतात. खुणा करायला हरकत नाही, पण भिस्त त्यांच्यावर ठेवू नये. जुना पट्टा लांबलेला किंवा आधीच एक दाता चुकवून बसवलेला असेल, तर रंगाची खूण तीच चूक इमानाने जपते. दुसरी गोष्ट पुलीची. काही इंजिनांत कॅमची पुली चावीने शाफ्टशी बांधलेली असते. पिनांवर टायमिंग बसवायच्या रचनेत बहुधा ती केवळ बोल्टच्या आवळणीवर धरलेली असते. तो बोल्ट पिनांविना सैल केला, की कॅम कुठे होता हे सांगणारं कुणी उरत नाही. पिनांचा संच विकत किंवा भाड्याने मिळतो. पिनेऐवजी ड्रिल खुपसून काम उरकणारे आहेत. मी ते बघितलंय आणि शिफारस करणार नाही. ड्रिलचं टोक निमुळतं असतं, आणि तेवढ्या ढिलाईतही कॅम सरकतो.

पिना जागा दाखवण्यासाठी आहेत, जोर पेलण्यासाठी नाहीत, हेही आधीच सांगून ठेवतो. घट्ट बोल्ट सोडताना पुली तिच्या वेगळ्या हत्याराने धरावी. पिनेवर भार टाकला तर पिन वाकते, नाहीतर तिचं भोक अंडाकृती होतं.

एका दात्याने काय होतं, असा प्रश्न प्रत्येक नवशिक्या विचारतो. समजा क्रँकच्या पुलीला वीस दाते आहेत. तर एक दाता म्हणजे क्रँकचे अठरा अंश. डिझेल इंजिनात इंधन कधी सुटावं हे एक-दोन अंशांच्या आत सांभाळतात. आणि या डॉइट्झमध्ये तर प्रत्येक सिलिंडरचा इंधनपंप वेगळा असून तो याच कॅमशाफ्टवर बसतो. म्हणजे दाता चुकला तर व्हॉल्व्ह आणि डिझेल दोन्ही एकदम चुकतात. इंजिन चालू झालंच तर धूर ओकत, ठोके देत चालेल.

जुना पट्टा निघाला की त्याच्या मागचं अंगण नीट बघावं. क्रँकच्या पुढच्या सीलपाशी आणि कॅमच्या सीलपाशी ओल आहे का? थोडी जरी असली तरी सील नवं. ओल नसली तरी नवं, असं माझं मत. पुन्हा हे सगळं उघडायचा खर्च सीलच्या किमतीच्या कितीतरी पट आहे. ताण देणारा रोलर हातात घेऊन फिरवावा. चांगला रोलर थोडा जड आणि निःशब्द फिरतो. तो भिंगरीसारखा गरगरला तर आतलं ग्रीस संपलंय, खरखरला तर बेअरिंग गेलंय. पट्टा तुटायचं मूळ अनेकदा पट्ट्यात नसतं, या रोलरमध्ये असतं: रोलर जाम होतो, पट्टा त्याच्यावरून घासत जातो आणि जळून तुटतो. म्हणून नव्या पट्ट्याबरोबर रोलरही नवाच. आवळताना ठरावीक जोर दिल्यावर पुढे अंशांत फिरवायचे जे बोल्ट असतात, ते एकदा ताणले गेले की पुन्हा तशी पकड देत नाहीत. तेही नवेच आणावेत.

नवा पट्टा पिशवीतून काढताना हात कोरडे असावेत. त्याची घडी घालू नये, तो उलटा करू नये, लटकवून ठेवताना बारीक खिळ्यावर ठेवू नये. बसत नाही म्हणून स्क्रूड्रायव्हरने पुलीच्या कडेवरून रेटू तर अजिबात नये. आतल्या काचतंतूंना कुठे काय झालं ते कुणालाही कळत नाही, पट्टा काही महिने चालतो आणि मग दोष कंपनीवर जातो. पट्टा चढवताना क्रँककडून सुरुवात करून ओढणारी बाजू ताठ ठेवायची आणि सगळी ढिलाई रोलरच्या बाजूला जमवायची. मग रोलर फिरवून ताण द्यायचा, तोही थंड इंजिनावर, कारण इंजिन तापलं की धातू वाढतो आणि पुल्यांमधलं अंतर वाढतं. ताण मोजायला गेज असतं. अंगठा आणि तर्जनीने पट्टा पिळून ‘एवढा वळला म्हणजे बरोबर’ असं सांगणारे उस्ताद आहेत, आणि त्यांच्यापैकी काहींचा अंदाज खरोखर अचूक असतो. पण तो ज्या इंजिनावर घडला त्या इंजिनापुरता. फार ताणलेला पट्टा शीळ घालतो आणि बेअरिंगं खातो. सैल पट्टा एखाद्या थंड सकाळी सुरू होताना दाता ओलांडतो.

सगळं आवळून झाल्यावर पिना काढायच्या. त्या विसरून स्टार्टर मारणारे महाभाग होऊन गेलेत, म्हणून पिनेला लाल चिंधी बांधायची जुनी पद्धत मला आवडते. मग क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायचा. दाबाच्या जागी तो जड होणारच, पण हळूहळू ओलांडला जातो. कुठे धातूला धातू लागल्यासारखा कडक अडला, तर तिथेच थांबायचं; आणखी जोर लावून बघायचा मोह फार होतो. दोन फेऱ्यांनी सगळं मूळ जागी आलं की पिना पुन्हा घालून बघायच्या. दोन्ही सहज गेल्या तर टायमिंग बसलं. एक गेली आणि दुसरी केसभर अडली, तर पुन्हा पहिल्यापासून. इथे ‘चालून जाईल’ असं काही नसतं.

पट्टा आधीच तुटलेला असेल तर हे सगळं करण्याआधी हेडवरचं झाकण काढावं. या इंजिनात कॅम खाली, क्रँककेसमध्ये आहे. तो पुशरॉड आणि रॉकरमार्फत व्हॉल्व्ह उघडतो. आघात झाला की कधी बारीक पुशरॉड आधी वाकतो आणि व्हॉल्व्ह वाचतो. प्रत्येक पुशरॉड काचेवर लोळवून बघितला की वाकलेला लगेच डगमगतो. पण पुशरॉड बदलले म्हणून सुटलो असं समजू नये. प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा; एकाचाही कमी भरला तर हेड उतरवणं आलंच. हेडचा खर्च आणि यंत्राची किंमत शेजारी लिहून बघायची वेळही तीच.

इंजिन सुरू झाल्यावर झाकणाच्या बाहेर रंगाने तारीख आणि मीटरवरचे तास लिहावेत. पुढचा मालक कुणीही असो, त्याला पावती शोधायला लागू नये. पहिले काही तास काम केल्यावर झाकणाच्या खालच्या कडेला बोट फिरवून बघावं. तेल लागलं तर सील पुन्हा उघडावं लागेल, आणि त्याबरोबर पट्टाही जाईल. तेल मुरलेला पट्टा पुसून परत बसवत नाहीत, मग तो चारच दिवसांपूर्वी बसवलेला का असेना.